वापरणाऱ्यांनी राखलेलं रान

न्यूयॉर्क शहरातून उत्तरेकडे चार-पाच तास गाडी हाकली की वस्ती विरळ होते, शेतं मागे पडतात आणि रान सुरू होतं. अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांपासून व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरच्या उत्तर टोकावरून ते थेट मेन राज्यातल्या कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलं आहे. ‘नॉर्दर्न फॉरेस्ट’ नावाने ओळखला जाणारा हा पट्टा सुमारे २ कोटी ६० लाख एकरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश भरेल एवढा आहे. अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं म्हटली की आपल्याला यलोस्टोन, योसेमिटी आठवतात आणि त्यांच्यासारखं हे रानही सरकारने कुंपण घालून जपलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात यातली बहुतेक जमीन खाजगी आहे. इथे शतकानुशतकं लाकूडतोड चालली आहे, दर हिवाळ्याआधी हजारो लोक बंदुका घेऊन इथे शिरतात, उन्हाळ्यात तळ्यातळ्यांत होड्या पडतात. एवढं असूनही मूस, काळं अस्वल, लून पक्षी आणि ब्रूक ट्राउट मासा इथे नांदतात.

हे कसं जमलं? माझं उत्तर असं की, ज्यांनी हे रान वापरलं त्यांनीच स्वतःला वेसण घातली. कधी कायद्याने, कधी रीतिभातीने, कधी हातातल्या कसबाने. या प्रकरणात त्या वेसणीच्या गाठी एकेक करून पाहू.

पाण्याची वाट

शेवटच्या हिमयुगात इथे बर्फाचा प्रचंड थर होता. तो सरकताना त्याने खडक खरवडले, खोलगट जागा कोरल्या आणि वितळताना ओढ्या-नद्यांची मूळ वळणं दगडगोट्यांनी बुजवून टाकली. त्यातून हजारो तळी आणि त्यांना जोडणारे उथळ, खडकाळ प्रवाह तयार झाले. एकट्या अ‍ॅडिरॉन्डॅक पार्कमध्ये सुमारे ३,००० तळी आहेत. अशा मुलखात घोडा निरुपयोगी आणि जड नावही निरुपयोगी. इथे हवी पाण्यावर माणसांना वाहून नेणारी आणि जमिनीवर माणसाने खांद्यावर घेऊन जावी अशी होडी, म्हणजे कनू.

वाबानाकी लोकांनी, म्हणजे पेनॉब्स्कॉट, पासामाक्वॉडी, मालिसीट, मिगमाक आणि आबेनाकी या जमातींनी, ती घडवली. तिला लागणारं सगळं सामान त्याच रानात मिळतं. पेपर बर्च या झाडाची साल एकसंध सोलून काढायची, जमिनीवर पसरून वर दगडांचं वजन ठेवायचं आणि कडा वर वळवून खुंट्यांनी धरून ठेवायच्या. झाडावर आतल्या अंगाला असलेली सालीची बाजू होडीत बाहेर येते, पांढरी बाजू आत जाते. स्प्रूसची मुळं उकरून, उभी चिरून त्यांचे दोर करायचे आणि पत्रावळ टाचावी तशी सालीची शिवण टाचायची. मग आतून पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या बसवायच्या, भिजवून किंवा वाफवून वाकवलेल्या सीडरच्याच बरगड्या ठोकायच्या. त्या ताणाने साल टणक होते. शेवटी स्प्रूसचा डिंक चरबीत कालवून शिवणींवर लावायचा. होडीत लोखंडाचा एक खिळा नाही. खडकाला घासून फाटली, तर दुरुस्तीचं सामान काठावरच्या झाडांत उभं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेनमधल्या कारागिरांनी सालीच्या जागी कॅनव्हास ताणला. पुढे अ‍ॅल्युमिनियम, फायबरग्लास, केव्हलार आलं. पण घडण तीच राहिली. आज प्लास्टिकची कनू भाड्याने घेऊन तळ्यावर जाणारं मुंबई-पुण्याकडचं कुटुंबही वाबानाकी लोकांनी आखलेल्या आकारातच बसतं. दोन तळ्यांमधल्या, होडी उचलून न्यायच्या पायवाटेला इथे ‘कॅरी’ म्हणतात. यातल्या कित्येक कॅरी युरोपीय लोक येण्याआधीपासून पायाखालच्या आहेत.

वाटाडे

वॉल्डनकाठचा थोरो दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. पण खरं मोठं रान त्याने पाहिलं ते मेनमध्ये. १८४६, १८५३ आणि १८५७ अशा तीन खेपा त्याने केल्या. १८५३ मध्ये जो एटिऑन या पेनॉब्स्कॉट वाटाड्याने मूस मारला, तो सोलताना थोरोने पाहिला आणि त्याचं मन विटलं. मजेखातर आणि कातड्यासाठी चाललेली ती हत्या त्याला सलत राहिली. १८५८ मध्ये छापलेल्या लेखात त्याने राष्ट्राने राखीव रानं ठेवावीत अशी मागणी केली. अमेरिकेत पहिलं राष्ट्रीय उद्यान व्हायला तेव्हा आणखी १४ वर्षं होती. १८५७ मध्ये त्याच्याबरोबर जो पॉलिस होता. स्वतः बांधलेल्या होडीतून फिरणारा, आपल्या जमातीची बाजू राजधानी वॉशिंग्टनपर्यंत जाऊन मांडलेला हा माणूस झाडपाला, पाणी आणि जनावरांविषयी जे जाणत होता ते थोरोला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. या जमाती आजही इथे आहेत. मेनमधल्या आपल्या जमिनींवर त्यांनी सांगितलेल्या हक्काचा दावा १९८० मध्ये अमेरिकी संसदेच्या कायद्याने मिटवला गेला. पण नदीवर आणि शिकारीवर कोणाचा किती अधिकार हा वाद अजून पुरता संपलेला नाही.

शहरी लोकांचा लोंढा सुरू झाला १८६९ मध्ये. विल्यम मरे या धर्मोपदेशकाने अ‍ॅडिरॉन्डॅकच्या सहलींवर पुस्तक लिहिलं आणि त्याच उन्हाळ्यात आगगाड्या भरभरून माणसं आली. त्यांना वाटाडे हवे होते, वाटाड्यांना हलकी होडी हवी होती. त्यातून अ‍ॅडिरॉन्डॅक गाइडबोट बहरली: वल्ह्यांच्या जोडीने चालवायची, स्प्रूसच्या नैसर्गिक वाकाच्या बुंध्यांतून बरगड्या काढलेली, एका माणसाने जोखड लावून उचलावी अशी. हलकेपणाची कमाल केली कँटन गावच्या जे. हेन्री रश्टनने. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हे किरकोळ बांध्याचे, क्षयाने खंगलेले गृहस्थ होते. त्यांच्यासाठी रश्टनने १८८३ मध्ये ९ फुटी कनू बांधली. तिचं वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंहून कमी होतं. त्या होडीतून सिअर्सनी वाटाड्याशिवाय २६६ मैल प्रवास केला. कमी सामान घेऊन रानात जावं, रानावरचा भारही कमी ठेवावा, हा विचार त्यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकातून मांडला.

वाटाडेपणाला कायद्याची चौकट दिली ती मेनने. १८९७ मध्ये तिथे वाटाड्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि पहिला परवाना मिळाला कॉर्नेलिया क्रॉसबी या स्त्रीला. आधी बँकेत काम करणारी ही बाई तब्येतीसाठी रानात आली आणि गळ टाकण्यात इतकी तरबेज झाली की ‘फ्लाय रॉड’ हेच तिचं नाव पडलं. आजही मेनमध्ये पैसे घेऊन कुणाला शिकारीला किंवा होडीतून रानात न्यायचं, तर परीक्षा द्यावी लागते. तोंडी परीक्षेत नकाशा आणि होकायंत्र तर असतंच, शिवाय तुमच्या टोळीतला एक माणूस हरवला आहे, आता काय कराल, हेही विचारतात.

अ‍ॅलागॅशवर

कनूचं आयुष्य जवळून पाहायचं तर अ‍ॅलागॅश नदीवर जावं. मेनच्या मतदारांनी आणि विधिमंडळाने १९६६ मध्ये ९२ मैलांचा हा तळ्या-नद्यांचा मार्ग राखीव केला. नदी उत्तरेकडे वाहते आणि सेंट जॉनला मिळते. लोक साधारण आठवडाभरात ती पार करतात.

होडीत दोघं असतात. पुढचा जोर लावतो आणि पाण्यातले दगड पाहतो. मागचा दिशा राखतो. मागच्याने नुसतं उजवीकडे वल्हवलं, तर होडीचं तोंड डावीकडे फिरतं. दर वेळी बाजू बदलत बसायला नको म्हणून तो फटक्याच्या शेवटी मनगट वळवतो, अंगठा खाली जातो आणि पातं पाण्याला किंचित बाहेर रेटतं. होडी सरळ होते. ही लकब इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची असल्याने तिला जे-स्ट्रोक म्हणतात. एकदा अंगवळणी पडली की दिवसभर वल्हवलं तरी खांदे भरून येत नाहीत. उथळ खळाळात मात्र वल्ह्याचा उपयोग नसतो. तिथे जुने वाटाडे उभं राहून, टोकाला लोखंड बसवलेल्या बारा-एक फुटी काठीने तळाला रेटा देत होडी प्रवाहाविरुद्धही चढवतात.

चर्चिल धरणाखाली चेस रॅपिड्सचा खळाळ लागतो. नवख्यांनी सामान गाडीतून पुढे पाठवून रिकाम्या होडीने उतरावं, अशी सोय तिथले रेंजर करतात. त्याआधी, ईगल लेकच्या काठी, झाडीत वाफेची दोन अजस्र इंजिनं गंजत उभी आहेत. १९२०च्या दशकात कागदगिरण्यांना लाकूड पोचवायला इथे छोटी रेल्वे टाकली होती. काही वर्षांत ती बंद पडली. इंजिनं परत न्यायला रस्ता नव्हता, म्हणून ती तिथेच राहिली. अस्पर्श वाटणारं हे रान एकेकाळी किती पिळून काढलं होतं, याचा याहून ठोस पुरावा नाही.

मुक्काम ठरलेल्या जागीच करायचा. तिथे शेकोटीचं दगडी कोंडाळं असतं आणि लाकडी टेबलाच्या वर आडवा वासा बसवलेला असतो. त्याच्यावर ताडपत्री टाकली की पावसातही स्वयंपाक होतो. जळण म्हणून पडलेलं वाळलं लाकूडच घ्यायचं, उभं झाड तोडायचं नाही. दुरून जळण आणायलाही मनाई, कारण त्यातून झाडं पोखरणारे किडे नव्या रानात जातात. न्यूयॉर्कच्या सरकारी रानात तर नेमून दिलेली जागा नसेल, तर तंबू रस्ता, पायवाट आणि पाण्यापासून १५० फूट लांब ठोकायचा असा नियम आहे.

मे-जूनमध्ये येणाऱ्याला काळ्या माश्यांचे थवे फोडून काढतात. त्यांच्या अळ्या स्वच्छ, वाहत्या पाण्यातच वाढतात, तेव्हा सुजलेली मान हा पाणी निर्मळ असल्याचाही दाखला असतो. खरा धोका थंड पाण्याचा. इथल्या तळ्यांवरचं बर्फ एप्रिल-मेमध्ये फुटतं. अशा पाण्यात होडी उलटली, तर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही आणि दहा-एक मिनिटांत हाताची बोटं दोरी धरण्याइतकीही उरत नाहीत. पट्टीचा पोहणाराही यात बुडतो. म्हणून न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांपेक्षा लहान होडीत जीवरक्षक जाकीट अंगावर घालणं सक्तीचं आहे. नुसतं होडीत ठेवून चालत नाही.

नोव्हेंबर

पानझड झाली की रानाचा दुसरा हंगाम सुरू होतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर नोव्हेंबरमध्ये माजावर येतात. शिंगं घासून ते कोवळ्या झाडांची साल सोलतात, खुरांनी जमीन उकरून तिथे मुततात. शिकारी ऑक्टोबरपासून या खुणा पाहून ठेवतो. पहिलं बर्फ पडलं की माग स्पष्ट होतो. ठशाच्या कडा टोकदार असतील तर जनावर नुकतंच गेलं, कडा ढासळून आत भुसभुशीत बर्फ साचलं असेल तर रात्री गेलं. व्हरमाँट-मेनच्या बर्फात एकाच नराच्या मागावर दिवसभर चालणारे मागकरी अजून आहेत.

आपल्याकडच्या शिकारकथा हाकाऱ्यांच्या आरोळ्यांनी आणि मचाणांनी भरलेल्या आहेत. मेनमध्ये हाका घालून हरणं उठवायला बंदी आहे. कुत्री लावायला बंदी, रात्री दिवे लावून मारायला बंदी, भरलेली बंदूक गाडीत ठेवायला बंदी. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी चालवायची. रविवारी शिकार नाही. मेनच्या लोकांनी २०२१ मध्ये ‘अन्नाचा हक्क’ राज्यघटनेत घातला, तेव्हा त्याआधारे रविवारची बंदी उठवावी असा दावा एका जोडप्याने लावला. पण २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. आठवड्यातला एक दिवस रान चालणाऱ्यांना आणि जनावरांना मोकळं मिळतं.

डोक्यावर आणि अंगावर भडक नारिंगी कपडा घालणं सक्तीचं आहे. हरणांना तो रंग माणसाइतका उठून दिसत नाही, माणसाला मात्र झाडीतूनही दिसतो. १९८८ मध्ये बँगोरजवळच्या एका गावात घरामागच्या अंगणालगत उभ्या असलेल्या तरुण आईला हरीण समजून गोळी घातली गेली. तिच्या हातांत पांढरे हातमोजे होते. खटल्यात शिकारी निर्दोष सुटला. राज्यभर वाद पेटला आणि त्यातून कायदा आला: सावज काय आहे याची पूर्ण खात्री पटल्याशिवाय गोळी झाडणं हाच गुन्हा. हलणारी फांदी किंवा पांढरा ठिपका ही खात्री नव्हे.

हरीण पडल्यावर काम सुरू होतं. आधी नावाची चिठ्ठी जनावराला बांधायची. मग पोट हलक्या हाताने उघडायचं, मूत्राशय आणि आतडी न फोडता काढायची, नाहीतर मांस नासतं. कलेजी वेगळी ठेवायची. मग दोरी बांधून मैलभर ओढत रस्त्यापर्यंत आणायचं. वाटेवरच्या किराणा दुकानात किंवा पेट्रोलपंपावर नोंदणी होते. तिथे वजन होतं, दात पाहून वय ठरतं, आणि त्याच नोंदींवरून पुढच्या वर्षी कुठल्या भागात किती माद्या मारू द्यायच्या हे राज्याचे जीवशास्त्रज्ञ ठरवतात. घरी मग मागच्या तंगड्यांचे तुकडे, खिमा आणि स्टू. गावच्या चर्चमध्ये पहाटे चारला शिकाऱ्यांचा नाष्टा मांडलेला असतो. त्याच्या पैशातून गावची कामं निघतात. अनेक घरांत हिवाळ्याचं मांस यातूनच येतं. ते विकता मात्र येत नाही.

विकायचं नाही

सगळ्यांत घट्ट गाठ हीच आहे. एकोणिसाव्या शतकात शिकार हा बाजाराचा धंदा होता. हरणं, बदकं, कबुतरं पिंपांत भरून शहरांत जात. आकाश झाकणारी पॅसेंजर पिजन कबुतरं या धंद्याने आणि जंगलतोडीने संपवली. शेवटचं कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. मेनमधून कॅरिबू नाहीसे झाले. तेव्हा शिकाऱ्यांच्याच संघटनांनी बाजारू शिकारीविरुद्ध रेटा लावला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार रोखला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाला बांधून दिला; रायफल आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. मासेमारीच्या सामानावर असाच कर १९५० मध्ये आला.

या पैशाचं काय झालं हे पाहायचं तर टर्की पाहावा. व्हरमाँटमधून रानटर्की पार नाहीसा झाला होता. १९६९-७० मध्ये न्यूयॉर्कहून ३१ पक्षी आणून सोडले. आज तो राज्यभर आहे आणि त्याच्या वंशातले पक्षी नेऊन मेनमध्येही टर्की रुजवला.

मूसची गोष्ट अवघड आहे. मेनमध्ये त्याची शिकार १९३०च्या दशकापासून बंद होती. १९८० मध्ये ७०० परवाने सोडतीने वाटून ती पुन्हा सुरू झाली. १९८३ च्या सार्वमतातही मतदारांनी ती राहू दिली. सोडतीचा दिवस आजही दर जूनमध्ये एखाद्या गावी जत्रेसारखा साजरा होतो. पण आता मूसला मारते ती गोचीड. तिची पिल्लं शरद ऋतूत झुडपांच्या शेंड्यांवर टपून बसतात आणि बर्फ पडलं की मरतात. बर्फ उशिरा पडू लागल्याने त्यांना जास्त आठवडे मिळतात. एका मूसवर हजारोंनी, कधी दहा हजारांहून अधिक गोचिडी चढतात आणि हिवाळ्याच्या शेवटी वर्षभराचं वासरू रक्त गमावून मरतं. मूस जितके दाट, तितकी गोचीड जास्त. म्हणून २०२१ पासून मेनने एका भागात मुद्दाम माद्यांचे जास्त परवाने देऊन कळप विरळ करून पाहायला घेतलं. जनावर वाचवायला जनावर मारणं पटायला जड आहे. पण तिथले जीवशास्त्रज्ञ मारलेल्या माद्यांची अंडाशयं आणि अंगावरच्या गोचिडी मोजून त्याचा हिशेब ठेवत आहेत, आणि ही मोजदाद शिकाऱ्यांच्या मदतीशिवाय होणारी नाही.

जमीन कुणाची, वाट कुणाची

१६४०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स वसाहतीने नियम केला की १० एकरांहून मोठी नैसर्गिक तळी सगळ्यांची, तिथे मासे धरायला आणि पक्षी मारायला कुणीही जावं. तो मेनमध्ये आजही लागू आहे. व्हरमाँटच्या १७७७ च्या घटनेने कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीची मुभा दिली. राजाच्या रानात हरीण मारलं म्हणून शिक्षा होणाऱ्या इंग्लंडमधून आलेल्यांनी हे मुद्दाम लिहून ठेवलं. न्यूयॉर्कने १८९२ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅक पार्क आखला आणि १८९४ मध्ये त्यातली सरकारी जमीन कायम रान राहील, तिथलं झाड विकलं जाणार नाही, हे राज्यघटनेतच घातलं. ते बदलायचं तर जनतेचं मत घ्यावं लागतं. मेनचे माजी गव्हर्नर पर्सिव्हल बॅक्स्टर यांनी विधिमंडळ कटाडिन पर्वत विकत घेईना म्हणून १९३० पासून स्वतःच्या पैशाने जमिनी घेत दोन लाखांहून अधिक एकर जनतेला दिले.

बाकीचं रान मालकांच्या भलेपणावर उघडं आहे. ‘प्रवेश बंद’ची पाटी नसेल तर जाता येतं, पण जाण्याआधी दार ठोठावून विचारण्याची रीत आहे. कुणी कचरा टाकला, चाकांनी वाट उखडली की पुढच्या वर्षी पाटी लागते आणि ती सगळ्यांसाठी लागते.

भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार जवळपास बंद केलं. आपली दाट वस्ती आणि उरलीसुरली जंगलं पाहता ते योग्यच झालं. मेनचा नियम विदर्भात आणायला मी सांगणार नाही. पण बॉस्टन, न्यू जर्सीत स्थिरावलेली मराठी कुटुंबं आता या रानाची रोजची वापरकरी झाली आहेत. लाँग वीकेंडला अ‍ॅडिरॉन्डॅकचे तंबूतळ त्यांनीही भरतात. त्यांच्यातले शिकार करणारे विरळा, आणि तंबू, कनू, पाठपिशवीवर बंदुकीसारखा वन्यजीव-कर नाही. १९९०च्या दशकात तसा कर बसवण्याची मोहीम फसली. शिकाऱ्यांचं प्रमाण घटत चाललं आहे, म्हणजे ज्यांच्या खिशातून हे रान राखलं गेलं ते कमी होताहेत आणि फुकट वापरणारे वाढताहेत.

यावर उपाय हाताशी आहेत. गळ टाकायचा नसला तरी मासेमारीचा परवाना विकत घ्यावा. तो पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याकडेच जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड फोर्जपासून मेनमधल्या फोर्ट केंटपर्यंत जाणाऱ्या ७४० मैलांच्या नॉर्दर्न फॉरेस्ट कनू ट्रेलवर दर उन्हाळ्यात स्वयंसेवक कॅरीच्या वाटा दुरुस्त करतात, दगडी पायऱ्या बसवतात. एक सुट्टी त्या कामाला द्यावी, मुलांनाही न्यावं. शिकारी न्याहारीच्या टेबलाशी भेटला तर त्याच्याशी बोलावं; रानाविषयी त्याला जे ठाऊक आहे ते माहितीफलकावर लिहिलेलं नसतं. गेल्या शंभर वर्षांत या रानाचा खर्च त्याने उचलला. पुढच्या शंभर वर्षांचा वाटा आपण सगळ्यांनी उचलायचा आहे.